भंडाऱ्यातल्या गोळ्या

आमच्या घरात थोडंफार खोटं चालायचं, पण भंडारा उचलून नाही. वाडवडील मेंढरांमागे फिरलेले. बांधाचं भांडण असो की लग्नाची बोलणी, खंडोबाची हळद हातात घेऊन दिलेला शब्द पक्का. थोरल्या भावाचं ब्लडप्रेशर वाढलं तेव्हा मीही त्याला भंडाराच उचलायला लावला. गोळी एक दिवस चुकवणार नाही, असं तो बोलला आणि मी निर्धास्त अंबडला परतलो.

तिथे मी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतो. पुढच्या खेपेला गावी, धावड्याला गेलो तर त्यानेच विचारलं, ‘हे प्रेशर चढतं कशानं?’ मास्तरला एवढं निमित्त पुरतं. सांगितलं, अंगात अँजिओटेन्सिन नावाचं संप्रेरक असतं, आठ मण्यांच्या माळेसारखं. ते रक्तवाहिन्या आवळतं. त्याचा शेवटचा मणी गळला की उरलेली सात मण्यांची माळ नेमकं उलटं करते, वाहिन्या सैल करते, हृदयाला जपते. ‘पण तुझं पारडं आवळणाऱ्याकडे झुकलंय, म्हणून गोळी,’ हेही बजावलं.

कापूस वेचणीच्या दिवसांत तो शेतातच कोसळला. उजवं अंग लुळं पडलं. जालन्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या बंद केल्या होत्या का? मी छातीठोकपणे नाही म्हणालो. वहिनी म्हणाली, ‘रोज देवापुढं बसून घेतेत की.’

त्याच्या कपाळाला लावायला तिने भंडारा मागवला. मी गावी जाऊन देव्हाऱ्यातली डबी उघडली. हळदीत मूठभर गोळ्या होत्या, पिवळ्याधमक झालेल्या. संतापाने मला रडू फुटलं. परक्याने केसाने गळा कापला असता तर सोसलं असतं. हा माझा भाऊ होता.

वाचा थोडी परतल्यावर मी विचारलंच.

‘तू म्हणला व्हता ना, आतच राखणारं हाये,’ तो अडखळत म्हणाला. ‘मंग गोळी देवाला वाहून राह्यलो. एक दिस बी चुकवली न्हाई.’

‘मग वहिनीला का नाही सांगितलंस? मला?’

त्याने डाव्या हाताने पांघरूण तोंडावर ओढलं. म्हणजे सगळं कळत होतं त्याला.

आता तो माझ्याकडेच असतो. सकाळी मी हातात गोळी देतो, तो पाणी पितो आणि ‘गिळली,’ म्हणतो. ज्याच्या शब्दावर मी जन्मभर डोळे मिटून चाललो, त्याला मी म्हणतो, ‘दादा, जीभ उचल.’