श्यामलाबाईंचं मौनजेवण

बेंगळुरूत हेब्बाळच्या त्या उंच इमारतीत पावसाळा लागला तशी कढई माळ्यावर गेली आणि घरात दुधी शिरला. दुधीचं सूप, दुधीचा दलिया, वाफवलेल्या मुगात किसून घातलेला दुधी. श्यामलाबाईंची सून सिद्धी मोबाइलवरच्या कुणा आहारतज्ज्ञ बाईंची भक्त होती. पावसाळ्यात पचन मंदावतं, म्हणून तळलेलं नको, तिखट नको. पालेभाजीत चिखल आणि अळ्या, म्हणून तीही नको. पाणी ओवा घालून उकळलेलं. पोरीच्या मनात खोट नव्हती, हेच तर अवघड होतं. खोट असती तर श्यामलाबाईंनी तिला केव्हाच सुनावलं असतं.

त्या सांगलीच्या. नवरा गेल्यावर तिथल्या दोन खोल्यांच्या घरात एकट्या राहायच्या. परसात अळू, बरणीत लसणाची चटणी आणि संध्याकाळी तव्यावरून थेट ताटात येणारी भाकरी, एवढ्यावर त्यांचं छान चाललं होतं. गेल्या पावसाळ्यात कुणाच्या तरी बारशाला जेवल्या आणि पोट असं बिघडलं की सलाइन लावावं लागलं. मुलगा राजस त्या वेळी पार हादरला. या वर्षी ज्येष्ठातच तो येऊन त्यांना घेऊन गेला. "पावसाळा संपेपर्यंत चल," म्हणाला. बेंगळुरूचा पावसाळा संपतो कधी, हे मात्र त्यानं सांगितलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, बाईंना तोंड नव्हतं का? होतं, आणि चांगलं चालणारं होतं. फक्त चातुर्मासात जेवताना ते बंद असायचं. राजस दुसरीत असताना ऐन पावसाळ्यात त्याला टायफॉइड झाला होता. ताप हटेना, डॉक्टर नीट काही बोलेनात. तेव्हा दवाखान्याच्या जिन्यात उभ्या राहून श्यामलाबाई देवाला म्हणाल्या होत्या, याला उतार पडू दे, जन्मभर चातुर्मासात मौनानं जेवेन. उतार पडला. तेव्हापासून त्यांनी हा नेम कधी मोडला नव्हता. ताटावर बसलं की शब्द नाही, हुंकार नाही, मान हलवणंही नाही, कारण खुणेनं बोलणं हेही बोलणंच. पानात पडेल ते संपवायचं. राजसला आईचं मौन ठाऊक होतं, त्याचं कारण ठाऊक नव्हतं. ज्याच्यासाठी नवस बोललो त्याला तो सांगायचा नाही, अशी त्यांची समजूत होती.

सांगलीत या नेमाचा त्रास कधी झाला नाही. तिथे बोलायला दिवस पडला होता. इथे राजस सकाळी आंघोळ करून पळायचा, सिद्धी दिवसभर कानाला हेडफोन लावून खोलीत मीटिंग घ्यायची. घरातली माणसं एकत्र यायची ती फक्त रात्रीच्या जेवणाला, म्हणजे नेमकी श्यामलाबाईंचं तोंड बंद असताना. हसणं, बेत, भांडणं, सगळं त्यांच्या ताटासमोर व्हायचं आणि त्या दुधी गिळत ऐकत राहायच्या. जेवण आटोपून चूळ भरेपर्यंत दोघं आपापल्या स्क्रीनपुढे पोचलेले असत. मग मागे जाऊन "मला ते सूप नको गं" म्हणायला त्यांचं मन धजायचं नाही. पोरीनं दमून केलेल्या अन्नाला मागाहून नावं ठेवायची?

त्यांचं गप्प राहणं सिद्धीनं पसंती म्हणूनच घेतलं. "आईंना आपला डाएट किती सूट झालाय बघ," ती राजसला म्हणायची. "एक कम्प्लेंट नाही!"

शेजारची सौम्या तेवढी ओळखून होती. तिचं कुटुंब पिढ्यान् पिढ्या इथलं, मराठी बोलायचं पण कन्नडच्या फोडणीनं. लिफ्टपाशी भेटली की म्हणायची, "अक्का, स्वल्प वाळलात की हो. सरी, बरं, इथलं पाणी मानवंना, तर लेकाला सांगा की!"

"सांगणार आहे," श्यामलाबाई म्हणायच्या. "चातुर्मास झाला की जाणारच आहे मी घरी." घरी हा शब्द उच्चारताना त्यांना खरंच बरं वाटायचं. बाहेर पावसात हेब्बाळचं तळं राखाडी पडलेलं, खाली उतरावं तर फरशी निसरडी म्हणून राजसची मनाई. खिडकीशी उभ्या राहून त्या परसातल्या अळूचा विचार करत. पानं आता ताटाएवढी झाली असतील, आणि तोडणारं कुणी नाही.

श्रावणातल्या एका संध्याकाळी राजस स्कूटरवरून नखशिखान्त भिजून आला. फ्लायओव्हरच्या अलीकडे भर पावसात तासभर अडकला होता, पण स्वारी खुशीत होती. कपडे बदलून टेबलावर बसला. श्यामलाबाईंनी नुकताच पहिला घास घेतला होता.

"आई, एक मस्त बातमी. ऑफिसातल्या पद्मनाभच्या बहिणीची सांगलीला बदली झालीय. तिला आपलं घर हवंय, भाड्यानं. माणसं चांगली आहेत. तुझं इथे छान बस्तान बसलंय, तब्येत बरी आहे, मग तिकडे कुलूप कशाला? परस पण साफ करून घेतील, रान माजलंय म्हणे."

श्यामलाबाईंनी हातातला घास परत ताटात ठेवला.

"हरकत असेल तर सांग हं." मग तो स्वतःच हसला. "अरे, तुझं मौन! बरं, गप्प आहेस म्हणजे मी हो धरतो."

त्यानं फोन उचलला. श्यामलाबाईंनी ताटाकडे पाहिलं. संपवलं तरच उठता येणार होतं, उठलं तरच बोलता येणार होतं. म्हणून त्या भराभरा जेवू लागल्या. दलिया न चावता लोटला, सूपचा वाडगा तोंडाला लावला. त्यांना जन्मात एवढ्या घाईनं जेवताना कुणी पाहिलं नव्हतं. सिद्धीचे डोळे आनंदानं भरून आले.

"आई, इतकं आवडलं?" म्हणत तिनं वाडगा पुन्हा काठोकाठ भरला.

समोर राजस फोनवर बोलत होता. "हो रे, आईची काहीच हरकत नाही. किल्ली मी कुरिअर करतो उद्याच."

भरलेल्या वाडग्याकडे बघताना श्यामलाबाईंचा जीव अगदी गुदमरला. कुणी दार बाहेरून ओढून घ्यावं आणि आपल्याला आतून हाकही मारता येऊ नये, तसं झालं.

"मला घरी जायचंय!"

आवाज इतका मोठा आला की त्या स्वतःच दचकल्या. सिद्धीच्या हातातला डाव तसाच राहिला. राजसनं फोन कानावरून खाली घेतला आणि काही बोलणार तोच त्याला शिंक आली. मागोमाग दुसरी. श्यामलाबाई ताटावरून उठल्या ते थेट त्याच्यापाशी गेल्या आणि उष्टा हात तसाच ठेवून डाव्या हातानं त्याचं कपाळ चाचपलं.

कपाळ कढत होतं.

सकाळपर्यंत ताप चांगलाच चढला. तासभर पावसात भिजल्यावर कुणालाही येईल असा ताप. हे त्यांना कळत होतं, त्या काही अडाणी नव्हत्या. पण कळणं वेगळं आणि नेम मोडल्याची छातीतली धडधड वेगळी. त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, सिद्धीला बाजूला केलं, मूग भाजले, शिजवून घोटले, जिरं आणि ठेचलेला लसूण तुपात तडतडवून वरून ओतला. कढण ढवळता ढवळता ओठ हलत होते. आपण काय पुटपुटतोय हे त्यांच्या ध्यानात आलं तेव्हा शब्द तोंडून निघून गेले होते.

सिद्धीनं ओट्याशी उभ्यानंच दोन वाट्या कढण प्यायलं. "खरं सांगू आई? मलाही ते सूप जात नाही," ती हळूच म्हणाली. "तुम्ही एवढं मुकाट खायचात, म्हणून करत राहिले." श्यामलाबाईंना हसू आलं आणि रडूही.

दुपारी राजसला घाम फुटला, ताप उतरला. उशीला टेकून तो कढण भुरकत होता.

"आई, पद्मनाभला मी नाही म्हणून कळवलंय. चिडलीस ना माझ्यावर? अगं, आधीच सांगायचंस. रविवारी स्वतः सोडतो तुला सांगलीला. बास?"

खिडकीवर पाऊस चालूच होता. श्यामलाबाई त्याच्या रिकाम्या होत आलेल्या वाटीकडे बघत राहिल्या. सकाळी मूग ढवळताना त्या देवाला म्हणून गेल्या होत्या, याचा ताप उतरू दे, मी याला सोडून कुठे जाणार नाही.

"कळव त्याला पुन्हा," त्या म्हणाल्या. "घर देऊन टाक भाड्यानं."

"अगं, पण काल तर तू..."

आत्ता त्या ताटावर नव्हत्या. बोलायला मौनाची आडकाठी नव्हती, नवसाची होती. त्यांनी त्याच्या हातातून वाटी घेतली.

"आणखी घेशील थोडं?"