आनंदरावांची हजेरी

आनंदराव गिरणीत हजेरीबाबू होते. एकतीस वर्षं त्यांनी फाटकाशी उभं राहून नावं पुकारली. नाव घ्यायचं, थांबायचं, ‘हजर’ आलं की मान हलवून पुढचं. एकदा देवाजीचं नाव घेऊन ते असेच थांबले, आणि मग आठवलं, काल आपणच तर त्याच्या मातीला गेलो होतो. रांगेत कुणी हसलं नाही. तेव्हापासून आनंदरावांनी कुणाचंच नाव घाईनं घेतलं नाही.

निवृत्त झाल्यावर चर्चमधलं शास्त्रवाचन, म्हणजे बायबल वाचून दाखवणं, त्यांच्याकडे आलं. नाताळाआधीच्या रविवारी येशूची वंशावळ वाचायची. चाळीसेक नावं, आणि आनंदराव प्रत्येक नावानंतर थांबणार. मागच्या बाकावर रुपराव पुटपुटायचे, “अब्राहाम हजर झाल्याबिगर हा इसहाकाले आत घेत नाही गा.”

शहात्तर साली चर्चला गिरिधर नावाचे तरुण पाळक आले. म्हणाले, “यंदा पहिली दोन-तीन अन् शेवटची दोन-तीन नावं वाचा. मधली कोणाच्या ओळखीची नाहीत.”

“म्हणून तं वाचाची, पाळकसाहेब. ओळखीच्याले कोणीबी हाक मारते.”

“अन् तुमचा दमा?”

“तोबी येईन संगं.”

पाळकांनी तोड काढली. धाप लागली की बसायचं, उरलेलं ते स्वतः वाचतील. आनंदराव कबूल झाले, पण घास गोड लागेना.

रविवारी कोटाची बटणं लावून देताना त्यांच्या पत्नी प्रेमिलाबाई म्हणाल्या, “आज जरा लवकर हाका मारा जी. ते अब्राहाम-इसहाक काही पानठेल्यावर गेले नाहीत.”

सतराव्या नावाला खोकल्याची उबळ आली. थांबता थांबेना. पाळक उठले, शास्त्र घ्यायला त्यांनी हात पुढे केला. आनंदरावांचं बोट त्या नावावरच होतं. कबुली त्यांना आठवत होती. पण गिरणीचा नियम हाडात मुरलेला: हजेरी मधेच तुटली, तर पुन्हा पहिल्यापासून.

“अब्राहाम,” ते म्हणाले. आणि थांबले.

रुपरावांनी उघडलेलं तोंड मिटलं. पाळकांचा हात तसाच हवेत राहिला. मग त्यांनी तो आनंदरावांच्या हातातल्या शास्त्राखाली धरला आणि चाळीस नावं होईपर्यंत काढला नाही.

शेवटचं नाव येशूचं. त्यानंतर आनंदराव नेहमीपेक्षा जास्त थांबले. मग फाटकाशी हलवायचे तशी मान हलवून त्यांनी शास्त्र मिटलं.