पत्रा कापलेली चंद्रसफर

जळगावला मी निघाले ती ठिबकच्या नळ्या बघायला. तासगावच्या आमच्या द्राक्षबागेला पाणी पुरेना, आणि त्या वर्षांत जो तो जळगावचंच नाव घ्यायचा. नवऱ्याला रजा नव्हती. मी पिशवी भरली आणि मिरजेला गाडीत बसले.

जळगावात ओळखीच्या विमलताईंकडे उतरले. त्या तिथल्या शाळेत शिकवतात. दोन दिवस कारखाना आणि एक केळीची बाग पाहिली, प्रश्न विचारून तिथल्या माणसांना भंडावून सोडलं. काम झालं म्हणून परतीची तयारी करू लागले, तर विमलताई म्हणाल्या, "उद्या माझ्या माहेरी जत्रा आहे, नरडाण्याजवळ. भरीत न खाता कशा जाल?"

पॅसेंजरने नरडाणा, पुढे बैलगाडी. थंडीचे दिवस. दोन्ही बाजूंना वेचणी झालेली पऱ्हाटी (कपाशीची झाडं) उभी. घरी विमलताईंच्या आईने, सगळे त्यांना नुसतं माय म्हणतात, पऱ्हाटीच्या काड्यांवर हिरवी वांगी भाजली होती. भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची). मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. माय म्हणाल्या, "आखो ल्या (अजून घ्या), लाजू नका." लाजत मी नव्हतेच.

दुपार कलल्यावर जत्रेत गेलो. मधल्या जागेवर पत्र्याचं एक अजस्र पिंप लोखंडी तुळईच्या टोकाला बसवलेलं होतं. वर रंगवलं होतं : चंद्रसफर. गावातल्याच गोकुळभाऊ फिटरने दोन वर्षं खपून ते बनवलं होतं. भोंग्यावरून तो स्वतःच ओरडत होता, "चला चंद्रावर! बठ्ठा खान्देशमा पहिल्यांदा!" (सगळ्या खान्देशात)

शेजारी सरपंच नाना उभे होते. मला पाहुणी समजून त्यांनी सांगितलं, "ही जागा दरसाल पाळणेवाल्याची. यंदा गोकुळने हट्ट केला, म्हणून त्याला दिली. पण लोक एकदा बसतात, पुन्हा फिरकत नाहीत. उद्या दुपारपर्यंत गर्दी झाली नाही, तर त्याला हे उचलावं लागेल. पाळणेवाला वाटच बघतोय."

आम्ही बसलो. माय नवं लुगडं नेसून पुढच्या बाकावर. आत निळा दिवा, छताला चमकीच्या कागदाचे तारे. दार लागलं, मोटार घरघरली, पिंप वर चढून डोलू लागलं. वर आहोत की खाली, तेच कळत नव्हतं. एवढ्यात वीज गेली. यान जागच्या जागी थांबलं. मिट्ट काळोखात मायचा आवाज आला, "चंद्र उना का रे भाऊ?" (चंद्र आला का?) सगळे इतके हसले की तुळई हलली. अर्ध्या तासाने हाताने चाक फिरवून आम्हाला खाली उतरवलं.

गोकुळभाऊ घामाघूम झाला होता. "ताई, तुम्ही बाहेरच्या. खरं सांगा, कसं वाटलं?"

"कणगीत बसवून हलवल्यासारखं," मी म्हटलं.

त्याचा चेहरा उतरला. पण खरी तक्रार मायची होती. "माले कोनी दखंच नही," (मला कोणी पाहिलंच नाही) त्या फणकारल्या.

विमलताईंनी मला उलगडून सांगितलं. जत्रेला लेकी माहेरी येतात, पाळण्यात बसतात. वर गेलं की आपलं घर शोधायचं आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला नाव घेऊन हाक मारायची. खालच्याने ओ द्यायची. ओ मिळाली नाही, तर वर्षभर टोमणे.

"चंद्रावरून गाव कसं दिसेल, माय?" गोकुळभाऊ चिडला. "एवढं रॉकेट केलं, आणि तुम्हाला घराचं धाबं (मातीचं सपाट छप्पर) बघायचंय!"

"मंग तठे कसाले जावानं?" (मग तिथे जायचं कशाला?) माय म्हणाल्या.

त्याने पिंपाच्या पत्र्यावर वरून खालपर्यंत हात फिरवला. मग मला म्हणाला, "कापू का?"

"कापा. पण छातीपर्यंत ठेवा, आणि वरून आडवा गज लावा. नाहीतर माणसं वाकून पडतील."

परत जायचं एक दिवस पुढे ढकललं. सकाळी तो छिन्नी-हातोडा घेऊन बसला. पहिला घाव घालताना त्याने तोंड फिरवलं. तारे गेले, छप्पर गेलं. पत्र्याच्या कडा हाताला कापणाऱ्या. मी जुन्या सायकल ट्यूब मागवून त्या कडांवर चढवून घेतल्या. गज मी स्वतः ओढून, लोंबकळून पाहिला.

अकरा वाजता पहिली फेरी, मीही बसले. पिंप वर गेलं, वारा लागला, खालची माणसं बोटाएवढी झाली. बायका किंचाळल्या. माय लेकीचं नाव घेऊन ओरडल्या, खालून विमलताईंची खणखणीत ओ आली. फेरी संपली तरी कोणी उतरायला तयार होईना. बारापर्यंत रांग रसवंतीपर्यंत गेली होती. त्या रांगेत, टोपी उडू नये म्हणून खिशात घालून, नाना उभे होते. गोकुळभाऊने भोंगा बाजूला ठेवला. आता त्याची गरज नव्हती.

संध्याकाळच्या गाडीने निघाले. मायनी बिबड्यांचं (ज्वारीच्या पापडांचं) गाठोडं दिलं, गोकुळभाऊ स्टेशनपर्यंत सायकलवर आला. मी त्याच्या यानाला कणगी म्हटलं होतं, ते त्याने मनात ठेवलं नाही. दोन वर्षांचं काम एका सकाळीत स्वतःच्या हाताने कापणं सोपं नसतं. मला तरी जमलं नसतं.

घरी आल्यावर आधी नळ्यांचं सांगितलं, मग चंद्रसफरीचं. मुलीने विचारलं, "चंद्र कसा होता?" म्हटलं, चंद्र नाही दिसला. पऱ्हाटीची शेतं दिसली, रुळांची रेघ दिसली. आणि मी नुसतीच खाली बघत होते, कुणाला हाक मारावी ते सुचत नव्हतं, तेव्हा खालूनच चार-पाच जणांनी माझं नाव घेऊन हाक मारली. मी ओ दिली.