पायाखालचा नंबर

थोरलीला कुणी मत्सरी म्हटलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडण जिंकलीही असती. पण खोटं कशाला बोलायचं? धाकट्या जावेच्या टेबलावर ते चकचकीत मशीन आलं, त्या दिवसापासून बाईंच्या पोटात जे दुखायला लागलं ते कुठल्या औषधाने जाणारं नव्हतं.

थोरली पुस्तकांची पानं लावायची. एक नाही, दोन नाही, सव्वीस वर्षं. घरोघरी कॉम्प्युटर यायच्या आधी ती छापखान्यात उभी राहून मजकुराच्या पट्ट्या कापायची आणि पुठ्ठ्यावर चिकटवायची. तिची पट्टी कधी केसभरसुद्धा तिरकी गेली नाही. पुढे कॉम्प्युटर आले तेव्हा सोबतच्या बायका घरी बसल्या, ही मात्र शिकली. बिघडलं तर कुणाच्या हातापाया पडायला नको म्हणून ते उघडायलाही शिकली. शाळेची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, रेल्वेची वेळापत्रकं, काही द्या, थोरलीच्या हाताखालून गेलेल्या पानात चूक शोधून दाखवा.

धाकटी लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला पानाचा समास म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. तिला शिकवलं कुणी? थोरलीनेच. कागदाचा कच्चा नमुना करताना पट्टी चारही कोपरे जुळवून कशी लावायची, नखाने हवा कशी काढायची, इथपासून. आणि एक नियम तर रोज घोकून घेतला होता: चूक सापडत नसेल तर एका वेळी एकच गोष्ट बदल, बघ, मग दुसरी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर काय सुधारलं ते कधीच कळणार नाही.

आता तीच धाकटी कानामागून आली आणि तिखट झाली. तिच्या भावाने तिला मॅक कॉम्प्युटर घेऊन दिला. वेगळा डबा नाही, वायरींचं जंजाळ नाही, एका पायावर उभा असलेला नुसता मोठा पडदा. घरात येणारा जाणारा आधी त्या पडद्यापाशी थांबायचा. थोरलीचा सख्खा नवरासुद्धा म्हणाला, काय रंग दिसतात गं त्यावर! थोरलीने त्या दिवशी त्याला दुसरा चहा विचारला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर चाललं असतं. पण छापखान्याच्या मालकांकडे नकाशांचं मोठं पुस्तक आलं. शंभरेक पानं, चार रंग, वर्षभराचं काम. असं काम थोरलीच्या वाट्याला सव्वीस वर्षांत एकदाही आलं नव्हतं, आणि आता डोळ्यांचा चष्मा बघता पुन्हा येईल याची खात्री नव्हती. तिने ते मनातल्या मनात आपलं म्हणून टाकलंसुद्धा. मालकांनी मात्र फोन केला तो धाकटीला. नकाशे काढणारे सगळे मॅकवर काम करतात, फायली मॅकच्या खात्यातूनच पाठवतात, त्यामुळे पानं लावणारीकडे मॅक हवा, असं त्यांचं म्हणणं. थोरली तडक छापखान्यात गेली. मालक संकोचले. महिनाअखेरपर्यंत तुमच्याकडेही तशी सोय झाली तर दोघी नमुन्याची आठ आठ पानं करा, मग बघू, असं म्हणून त्यांनी स्वतःची सुटका करून घेतली.

नवा मॅक घेणं थोरलीला परवडणारं नव्हतं, आणि नवऱ्याकडे मागणं तिच्या स्वभावात नव्हतं. पण साधे सुटे भाग जोडून त्यावर मॅकची प्रणाली चालवणारे हिकमती लोक जगभर असतात, हे तिने वाचलं होतं. अशा मशीनला हॅकिंटॉश म्हणतात. मॅकच्या कंपनीला ते मंजूर नाही, त्यामुळे काही अडलं तर कंपनी विचारत नाही. जे काही विचारायचं ते इंटरनेटवरच्या मंचावर, आपल्यासारख्याच पीडितांना.

सुट्या भागांचं दुकान चालवणाऱ्या स्क्रूमास्तरांनी तिला मदरबोर्ड, प्रोसेसर आणि एक काळा डबा काढून दिला. बोर्डावर प्रोसेसर बसवणं, त्याला लेप लावून पंखा चढवणं हे तिने जेवणाच्या टेबलावर एका दुपारीत उरकलं. ते सोपं होतं. खरं घोडं पुढे पेंड खाणार होतं.

पहिल्यांदा पडदा काळाच राहिला. जुन्या मशीनमधून काढलेलं ग्राफिक्स कार्ड मॅकच्या नव्या प्रणालीला चालतच नाही, हे चार दिवसांनी कळलं. स्क्रूमास्तरांकडून ते बदलून आणलं. मग पडद्यावर पांढऱ्या ओळी धावायला लागल्या, धावता धावता थांबल्या, आणि वर एक गोल चिन्ह आलं, मधून तिरकी रेघ मारलेलं, रस्त्यावर प्रवेश बंद असतो तसं. त्या चिन्हाने तिला आठवडाभर दारात उभं केलं. शेवटी प्रणाली भरलेला पेनड्राइव्ह मागच्या जुन्या खाचेत लावल्यावर दार उघडलं. मग आवाज येईना. आवाजासाठी एक आकडा भरावा लागतो आणि आपल्या बोर्डाला कुठला लागतो ते कुणी सांगत नाही. एक, दोन, तीन, पाच, सात करत ती अकरापर्यंत गेली तेव्हा मशीन बोललं. एकदा झोपवलं तर ते जागंच होईना, म्हणून तिने त्याची झोपच बंद करून टाकली. तिची स्वतःचीही त्या दिवसांत फारशी होत नव्हती.

आणि या प्रत्येक वेळी धाकटी दारात येऊन विचारायची, "वहिनी, झालं का?" खरोखरच्या काळजीने विचारायची, हेच थोरलीला सोसत नव्हतं. खोचकपणे विचारलं असतं तर निदान उलटं बोलता आलं असतं.

सगळं झालं, पण खात्यात प्रवेश मिळेना. मशीन चालत होतं, रंग दिसत होते, पण नकाशे ज्या खात्यातून यायचे तिथे नाव घातलं की उत्तर यायचं, ग्राहक सेवेशी बोला. खऱ्या मॅकला कंपनीचा नंबर असतो, बारा अक्षरं आणि आकडे. हॅकिंटॉशला तो बनवून द्यावा लागतो. थोरलीने रीतसर बनवलेला दिला होता. मंचावर लोकांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं की कुणाच्या खऱ्या मशीनचा नंबर कधीही घालू नका, दोघांचीही खाती अडकतील. तिने ते वाचलं होतं. दोनदा.

महिनाअखेरीला नऊ दिवस उरले होते. सकाळी धाकटी बाहेर गेली होती आणि थोरली धूळ पुसत होती. धाकटीचं टेबल पुसायचं तिला काही कारण नव्हतं, पण पुसलं. पडदा उचलून तिरका केला. पायाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, नंबर होता. दुसऱ्याचं बघायचं वाकून म्हणतात ना, तशी थोरली खरोखरच वाकली, चष्मा कपाळावर सरकवला आणि नंबर हातावर लिहून घेतला. नकाशांवर खरा हक्क माझा आहे, असं ती स्वतःला सांगत होती. सांगावं लागत होतं, यातच काय ते आलं.

त्याच दिवशी तिने प्रणालीच्या फाइलमधली नेटवर्कची एक नोंदही बदलली, कारण मंचावर कुणीतरी तसं सुचवलं होतं. दोन्ही बदल एकदम केले. जो नियम धाकटीकडून घोकून घेतला तो स्वतः मोडला. पण तेवढ्याने जमलं नाही. पेनड्राइव्ह पुन्हा करावा लागला, पुन्हा नंबर भरला, पुन्हा अडलं, पुन्हा भरला. तीन दिवसांत तिने तो नंबर वीसेक वेळा तरी टाइप केला असेल. तिसऱ्या दिवशी दुपारी खातं उघडलं. नकाशे आले. समुद्र, डोंगर, नद्या, सगळं त्या पडद्यावर. थोरली एकटीच होती, तरी मोठ्याने हसली.

आठ पानं तिने चार दिवसांत लावली. एकेक नाव सरळ, एकेक रेघ जागच्या जागी.

नमुने द्यायला दोन दिवस राहिले आणि धाकटीचं खातं बंद पडलं. तिची पानं आत, नकाशे आत, आणि दाराला कुलूप. ही बातमी ऐकल्यावर थोरलीला पहिल्यांदा काय वाटलं म्हणाल तर आनंद झाला. कळलं लगेच, की हे आपलंच कर्म आहे. पण आनंद आधी झाला, आणि तो चांगला दहा मिनिटं टिकला. तिचं स्वतःचं खातं अजून उघडं होतं. गप्प बसलं की नकाशे तिचे होते.

धाकटी रडत तिच्याच दारात आली. मला त्या मदत केंद्रवाल्यांचं बोलणं कळत नाही, तुम्ही शेजारी बसा, असं म्हणाली. नाही कसं म्हणणार? थोरली जाऊन बसली. फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडचा माणूस सौजन्याने बोलत होता. त्याने नाव विचारलं, खातं विचारलं, मग म्हणाला, मशीनच्या पायाखाली नंबर असेल तो वाचून दाखवा.

धाकटीने पडद्याला हात घातला. तो उचलायला जड होता आणि तिने एकच हात लावला होता. तो पडेल या धास्तीने थोरलीने पटकन पडदा धरला आणि दुसरं काही मनात यायच्या आत सगळा नंबर घडाघडा म्हणून दाखवला. बाराच्या बारा. मशीन अजून टेबलावरच होतं. त्याचा पाय एक बोटभरही उचललेला नव्हता.

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण.

पलीकडचा माणूस नंबर टाइप करत होता. धाकटीने थोरलीकडे पाहिलं, मग तिच्या हातांकडे, मग समोरच्या उघड्या दारातून दिसणाऱ्या त्या काळ्या डब्याकडे. धाकटी भोळी होती, बावळट नव्हती. तिचं रडणं थांबलं.

"हाच नंबर आणखी एका मशीनवर वापरला जातोय असं दिसतंय," फोनमधला माणूस म्हणाला. "तुमच्या घरी दुसरं मशीन आहे का?"

धाकटी थोरलीकडे बघतच राहिली होती. मग फोनकडे वळून शांतपणे म्हणाली, "नाही. दुसरं मशीन नाही."

थोरलीच्या अंगाचा नुसता भडका उडाला. मशीन हिचं, नकाशे हिचे, नवऱ्याचं कौतुक हिचं, आणि आता मोठेपणासुद्धा हिचाच? उद्यापासून आपण हिच्या उपकाराखाली भाकरी खायची, आणि ही एक शब्द न बोलता वाढत राहणार? सगळं सहन केलं असतं, हे मात्र तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तिने फोन ओढून घेतला.

"आहे," ती म्हणाली. "दुसरं मशीन आहे. माझं आहे, मी जोडलंय. नंबर हिचा घातलाय, हिला न विचारता. हिचं काही चुकलेलं नाही, हिचं खातं उघडा."

लोक म्हणतील थोरलीला पश्चात्ताप झाला. झाला असेलही, नंतर. पण फोन ओढला तो मत्सराने, हे तिला स्वतःलाही ठाऊक होतं.

धाकटीचं खातं उघडायला चार दिवस लागले. बिल दाखवा, ओळख पटवा, सगळं झालं. तोपर्यंत थोरलीने मालकांना फोन करून सांगितलं की धाकटीची पानं येईपर्यंत माझी बघू नका. का, ते विचारलं तर तेही सांगितलं. दरम्यान डब्यातून चोरीचा नंबर काढला आणि आपला बनवलेला परत घातला. तरीही तिचं खातं लगेच उघडलं. अडत होतं ते नेटवर्कच्या नोंदीवर. नंबराची गरज कधी नव्हतीच.

मालकांनी दोघींची पानं मोठ्या टेबलावर शेजारी शेजारी पसरली. थोरलीच्या पानांत एकही चूक नव्हती. धाकटीच्या एका पानावर तर गावाचं नाव दोनदा आलं होतं. पण धाकटीने नद्यांची नावं नदीबरोबर वळवली होती, नदी जाईल तशी अक्षरं गेली होती. थोरलीने ती सरळ लावली होती, सव्वीस वर्षं लावत आली तशी. मालक काही बोलायच्या आत तिला कळलं. नकाशे धाकटीला गेले, तपासायचं काम थोरलीला आलं, आणि ते तिने घेतलं.

घरी धाकटी त्या प्रकाराबद्दल एक अक्षर बोलली नाही. पहिल्यासारखीच वहिनी, वहिनी करत होती. थोरलीला वाटलं, विसरली असावी.

पुढच्या आठवड्यात धाकटी बाहेर गेलेली असताना थोरली फडकं घेऊन तिच्या टेबलापाशी गेली. खरंच धूळ बसली होती. तिने पडदा उचलून तिरका केला. पायाखाली, नंबर होता तिथे, कागदी पट्टी चिकटवलेली होती. चारही कोपरे जुळवलेले, नखाने हवा काढलेली, कुठे केसभर तिरकी नाही.

थोरलीने पडदा अलगद खाली ठेवला आणि राहिलेलं टेबल पुसून घेतलं.