जमिनीखालच्या विटा

जामबाग मोहल्ल्यातल्या आमच्या घरामागची भिंत बांधणारा मेस्त्री समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत "हौ साब" म्हणतो आणि करतो मात्र स्वतःच्या मनासारखं. त्याची मोजपट्टी खिशाबाहेर आलेली मी पाहिली नाही. हात मागे बांधून जागेवर दोन फेऱ्या मारल्या, ओठ हलवले, की त्याच्या विटा मोजून झाल्या.

मी मात्र लॅपटॉपवर लांबी, उंची, जाडी घालून आकडा काढला आणि बायकोसमोर त्याला बजावलं, "इससे एक ईंट जास्त नक्को." "हौ साब," म्हणून त्याने विटावाल्याला फोन लावला आणि तेलुगूत भलताच लांबलचक आकडा सांगितला. मला तेलुगू दहापर्यंतच येतं.

पाया भरताना विटा जमिनीत जाऊ लागल्या, तेव्हा मला घाम फुटला. पाया मी हिशेबात धरलाच नव्हता! आणि आकड्याची फुशारकी तर बायकोपुढे मारून झाली होती.

भिंत झाली, एकही वीट उरली नाही. बायकोने त्यालाच विचारलं, "साब का हिसाब बराबर निकला क्या?"

मेस्त्रीने माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "हौ अम्मा, एकदम बराबर. जमीन के नीचे का बस मेरे पे छोडे थे."

बायकोने कौतुकाने मान डोलावली. मग मीही डोलावली.