नव्या तारांचा आवाज

परवा धरमपेठेत एक पोरगी नवीकोरी सायकल घेऊन माझ्या बाजूने गेली आणि तिच्या चाकातून टण्ण असा आवाज आला. माझे पाय जागीच थांबले.

आमचं सायकलचं दुकान होतं आणि आमची मुलगी शर्यतीत उतरायची. एका शर्यतीच्या आदल्या दिवशी तिचं मागचं चाक वाकलं. तिचे बाबा मयतीला उमरेडला गेलेले. दुकानात एक हलकी रिंग पडली होती, तिला तारा मोजक्याच लागायच्या. त्यातली एक तुटली तर उतारावर पोरगी तोंडावर आपटणार, हे मला माहीत होतं. तरी दुपारभर बसून त्या रिंगमध्ये नव्या तारा ओवून मी चाक बांधलं.

सकाळी तिने विचारलं, "बाबांनीच बांधलं ना?"

"हो वं, बांधूनच गेले."

शर्यत सुटली. ती दहा हात गेली नाही तोच चाक टणटण वाजायला लागलं. ओरडावं तर शर्यत जाणार, गप्प राहावं तर पोरगी. मी गप्प राहिले. ती परत येईपर्यंत मी रस्त्यावरून नजर काढली नाही.

ती आली, सातवी. धडधाकट.

"आई, बाबा नव्या तारा हाताने दाबून त्यांचा पीळ काढतात. तू काढला नाही, म्हणून वाजल्या. चाक तू बांधलं, हे मले तिथंच समजलं."

"मंग उतरली काहून नाही वं?"

"दुसरं चाक कुठं होतं?"

मी तिच्यावर खूप रागावले. आता वाटतं, उतर म्हणायचं काम माझं होतं.