आपोआप लॉगिन

“मॅडम, लवकर या. आपल्या लॅबमदी चोरी झाली.”

“काय गेलं?”

“पासवर्ड. डॉक्टरसायबाचा. अन् चोर घरातलाच हाय.”

फोनवर महेशभाऊ होते. शेगावात त्यांची पॅथॉलॉजी लॅब आहे. ते स्वतः डॉक्टर नाहीत, आधी औषधांचं दुकान चालवायचे. त्यांच्या लॅबचे कॉम्प्युटर माझ्याकडे मेंटेनन्सला होते. माझा धंदाच तो. शेगाव, खामगाव, जळगाव जामोद या पट्ट्यातले दवाखाने, लॉज, शाळा यांची मशीनं चालू ठेवायची. बहुतेक वेळा प्रिंटर अडकलेला असतो किंवा वायर निघालेली असते. चोरीसाठी बोलावणं पहिल्यांदाच आलं होतं.

मी गेले तेव्हा काउंटरवर कुणी नव्हतं. आतल्या खोलीत टेक्निशियन संगीता स्टुलावर बसली होती, अंगातला ॲप्रन काढून मांडीवर घडी करून ठेवलेला. संगीता डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, झालेली, संग्रामपूरकडची. रोज एसटीनं यायची. सुया टोचताना पेशंटशी बोलत राहायची, त्यामुळे लहान पोरंसुद्धा तिच्याकडे रडत नसत.

“मॅडम, मले डॉक्टरांचा पासवर्ड माहीतच नाही,” ती म्हणाली. “मी काऊन चोरू?”

महेशभाऊंनी मला बाहेर नेलं आणि झालेलं सांगितलं.

संग्रामपूरच्या कलेक्शन सेंटरवरून पन्नाशीच्या एका बाईंचं रक्त आलं होतं. उन्हाळ्याचे दिवस, मोटरसायकलवरून आलेला नमुना. अशा प्रवासात कधीकधी रक्ताच्या पेशी फुटतात आणि त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं. मशीनला ते कळत नाही. मशीन भलताच मोठा आकडा दाखवतं. पेशंटच्या अंगात तसं काही नसतं. असा नमुना दिसला की पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे रिपोर्ट तपासून सही करणारा डॉक्टर, रिपोर्ट थांबवतो आणि रक्त परत मागवतो.

इथे रिपोर्ट थांबला नाही. लॅबचे पॅथॉलॉजिस्ट डॉ. वानखडे यांच्या सहीनिशी तो थेट पेशंटच्या मुलाच्या मोबाईलवर गेला. मुलगा शिक्षक. आकड्यापुढचा लाल बाण बघून तो आईला घेऊन गावातल्या दवाखान्यात धावला. तिथे पोटॅशियम उतरवायचं औषध दिलं गेलं. त्या औषधानं बाईंची शुगर पार खाली गेली आणि अकोल्याच्या रस्त्यावर त्या गाडीतच बेशुद्ध पडल्या. जीव वाचला, पण बोलणं पहिल्यासारखं राहिलं नाही. अकोल्यात रक्त पुन्हा तपासलं तर पोटॅशियम नॉर्मल.

मुलगा आदल्या दिवशी लॅबमध्ये येऊन काचेच्या दारावर लाथ मारून गेला होता. डॉक्टर म्हणाले, मी हा रिपोर्ट पाहिलेलाच नाही. सॉफ्टवेअर म्हणत होतं, डॉक्टरांच्याच लॉगिननं गेला, आणि तोही समोरच्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून. त्या कॉम्प्युटरवर संगीता बसायची.

“आता बोला,” महेशभाऊ म्हणाले. “दुसरं कोण असन?”

“मला मशीन बघू द्या.”

लॅबचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतं, आपण बँकेची साइट उघडतो तसं. त्यात दोन तऱ्हेची लॉगिनं. टेक्निशियननं आकडे भरून हिरवं बटन दाबलं की रिपोर्ट डॉक्टरांच्या पेंडिंगमध्ये, म्हणजे तपासायच्या यादीत जातो. डॉक्टरांनी तेच हिरवं बटन दाबलं की सही लागून रिपोर्ट पेशंटला जातो. स्क्रीन एकच, बटन एकच. कोणाचं लॉगिन आहे ते वर कोपऱ्यात बारीक राखाडी अक्षरांत लिहिलेलं. ज्यानं हे डिझाइन केलं त्यानं काउंटरवर एक दुपार काढली असती तर ते नाव लाल केलं असतं.

संगीताला बोलावून बाजूला बसवलं. “रोज करतेस तसं कर.”

तिनं ब्राउझर उघडला, आपलं नाव आणि पासवर्ड हातानं टाईप केला, आत गेली. कोपऱ्यात तिचंच नाव. मी लॉगआउट करायला लावलं, पुन्हा करायला लावलं. दर वेळी सगळं ठीक. महेशभाऊ मागे उभे राहून “पाहा, मशीन तं बराबर हाय” असं म्हणत होते. खरं तर मलाही क्षणभर वाटलं, पोरीनं कुठेतरी पासवर्ड पाहिला असेल.

“त्या दिवशीचा रिपोर्ट आठवतो का?” मी विचारलं.

“हाव. नमुना लालसर दिसत होता. मी रिमार्कमदी लिहलं, सॅम्पल खराब वाटते, डॉक्टरांनी पाहावं. मंग बटन दाबलं.”

रिमार्क उघडून पाहिला. होता. तो रिमार्क फक्त डॉक्टरांना दिसतो, पेशंटच्या कागदावर छापून येत नाही. ज्याला डॉक्टरांच्या नावानं गुपचूप रिपोर्ट पाठवायचा आहे तो डॉक्टरांना निरोप कशाला लिहील? मी महेशभाऊंना तो दाखवला. ते म्हणाले, “हे नंतरबी लिहता येते.” येत नाही. बटन दाबल्यावर रिमार्क बंद होतो. तेही सांगितलं. ते फोन घ्यायला बाहेर गेले.

चहा आला. तेवढ्यात काउंटरवर एक जण सरकारी योजनेतल्या तपासणीचं विचारायला आला. संगीतानं त्या योजनेची साइट उघडली. त्या साइटचा पासवर्ड लांबलचक, म्हणून तो पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवलेला. हे एक एक्स्टेंशन असतं, ब्राउझरला जोडलेला छोटा प्रोग्रॅम. सगळे पासवर्ड एका तिजोरीत ठेवतो. तिजोरीची एक किल्ली तुम्ही टाकायची, बाकीचे पासवर्ड तो स्वतः भरतो. संगीतानं किल्ली टाकली, साइट उघडली, माणसाला उत्तर दिलं. मी चहा घेत बसले.

लॅबच्या सॉफ्टवेअरला थोडा वेळ कुणी हात लावला नाही तर ते सुरक्षेसाठी बाहेर काढून देतं. माझ्या डोळ्यांदेखत तसं झालं. लॉगिनचं पान आलं. मी कप खाली ठेवेपर्यंत दोन्ही रकाने भरले गेले, पान एकदा लुकलुकलं, आणि तीच पेशंटांची यादी पुन्हा समोर. कुणीही कीबोर्डला हात लावला नव्हता. कोपऱ्यात नाव होतं डॉ. वानखडे.

“संगीता, हे बघ.”

तिनं वाकून पाहिलं. मग तोंडावर हात ठेवला. “म्हणजे रोज दुपारी मी डॉक्टर होऊन काम करून राह्यली होती?”

पुढचं काम सोपं होतं. एक्स्टेंशन बंद केलं, बाहेर पडल्यावर लॉगिनचं पान रिकामंच राहिलं. चालू केलं, पुन्हा डॉक्टर आत. तिजोरी उघडली. लॅबच्या साइटसाठी तिच्यात एकच नोंद होती, डॉक्टरांची. संगीता आपला पासवर्ड हातानं टाकायची, म्हणून तिची नोंद नव्हतीच. डॉक्टर कधीतरी या खुर्चीवर बसून स्वतःच्या नावानं आत गेले असतील. एक्स्टेंशननं विचारलं असेल, सेव्ह करू का? त्यांनी ‘हो’ दाबलं असेल. पान दिसताच पासवर्ड भरून आत शिरायची सेटिंग चालूच होती. सकाळी तिजोरी बंद असायची, म्हणून संगीता स्वतःच्या नावानं आत जायची. एकदा किल्ली टाकली की पुढे प्रत्येक लॉगआउटनंतर आत जायचे ते डॉक्टर.

डॉक्टर अजून तीन लॅबमध्ये सह्या करतात. संध्याकाळी ते आले. मी त्यांना सगळं करून दाखवलं. किल्ली टाकली, बाहेर पडू दिलं, त्यांचं नाव येऊ दिलं.

“अरे बापरे,” ते म्हणाले. “सेव्ह मीच केलं असणार. प्रत्येक वेळी विचारतं ना ते.”

“डॉक्टर, एक विचारू? इतके दिवस दुपारनंतरचे रिपोर्ट तुमच्या पेंडिंगमध्ये येतच नसणार. तुमच्या लक्षात आलं नाही?”

त्यांनी चष्मा काढून रुमालानं पुसला. “मला वाटलं, इथलं काम कमी झालंय.”

महेशभाऊ खिडकीतून रस्त्याकडे बघत होते. काम कमी झालं नव्हतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

मी डॉक्टरांची नोंद काढली, त्यांचा पासवर्ड बदलायला लावला, आपोआप लॉगिन बंद केलं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन करून कोपऱ्यातलं नाव मोठं करा म्हणून सांगितलं. ते म्हणाले, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. मग मी लेखी दिलं. बिघाड एक्स्टेंशनचा, सेटिंग चुकीची, पासवर्ड कुणी चोरला नाही, टेक्निशियननं खराब नमुन्याची सूचना दिली होती.

महेशभाऊंनी ते वाचलं. “यात संगीताचं नाव कुठी हाय?”

“शेवटच्या ओळीत. तिनं सूचना दिली होती म्हणून.”

“तसं नाही. चूक कोणाची, ते.”

“तिची नाही.”

“मंग मी त्या मास्तरले काय सांगू? तो पोलिसात जायाच्या गोठी करून राह्यला.”

“हेच सांगा. मी येते सोबत समजावायला.”

“मॅडम, तुमी मशीनवाल्या,” ते शांतपणे म्हणाले. “माणूस काढला की लोक गप होतात. एक्स्टेंशन काढलं म्हणून कोणी गप होत नाही.”

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांच्या एका वाक्यानं पोरीची नोकरी वाचली असती. ते म्हणाले, “महेशभाऊ, तुमचा स्टाफ आहे, तुम्ही ठरवा,” आणि गाडीची किल्ली उचलली. पुढच्या लॅबच्या सह्या बाकी होत्या.

संगीताला त्याच आठवड्यात काढलं. मी माझ्या कागदाची प्रत तिला दिली. ती घेऊन ती स्वतः त्या शिक्षकाच्या घरी गेली. मी नको म्हटलं होतं. परत आल्यावर तिनं फोन केला.

“त्यांनी पुरा कागद वाचला मॅडम. पाणीबी दिलं. मंग म्हणे, हे सारं खरं असन ताई, पण बटन तं तुमीच दाबलं ना?”

“तू काय म्हणालीस?”

“हाव म्हटलं. दाबलं तं मीच होतं. त्यांची माय तिथंच खाटेवर बसेल होती. मले म्हणे, च्या... च्या... चहा म्हणाचं होतं तिले. मी उठूनच आली.”

पुढे मी माझ्या दोन-तीन गिऱ्हाइकांकडे तिच्यासाठी शब्द टाकला. लॅबवाल्यांच्या कानावर प्रकरण गेलेलं होतं. कागद वाचायला कुणी मागितला नाही. शेवटी ती मंदिराजवळच्या एका लॉजच्या काउंटरवर लागली. भक्तांची आधार कार्डं बघून नावं भरते. सुई धरलेला हात आता खोल्यांच्या चाव्या देतो.

मला वाटलं, प्रकरण इथे संपलं. काही दिवसांनी महेशभाऊंचा पुन्हा फोन आला.

“मॅडम, तुमी काय करून ठेवलं? रिपोर्ट निंघूनच नाही राह्यले.”

मी गेले. सॉफ्टवेअर ठणठणीत होतं. रिपोर्ट तयार होऊन डॉक्टरांच्या पेंडिंगमध्ये पडून होते, यादी स्क्रीनच्या खालपर्यंत. डॉक्टर रात्री जमेल तसे बघायचे, कधी दुसऱ्या दिवशी. बाकावर पेशंट खोळंबलेले. एक आजोबा मलाच बोलले, “पहिले अर्ध्या घंट्यात भेटे.”

“मशीन बरोबर आहे,” मी महेशभाऊंना म्हटलं. “डॉक्टरांनी बघायचं ते बघून होत नाही, एवढंच.”

“ते मले समजते.” त्यांनी दार लोटून घेतलं. “म्हणून म्हणतो, पहिले जसं होतं तसं करून द्या. ते आपोआपवालं.”

“म्हणजे डॉक्टरांचा पासवर्ड परत तिजोरीत टाकू?”

“डॉक्टरसायबाची हरकत नाही. मी इचारलं त्यायले.”

“लेखी देतील?”

“तुमी बी काय मॅडम! लेखी कायले पायजे?”

मी बॅग उचलली. मागून ते म्हणाले, मंग मेंटेनन्सचं आपलं इथंच थांबवू. थांबलं.

नंतर शेजारच्या काकूंची तपासणी त्याच लॅबमध्ये झाली. मी त्यांना दुसरीकडे न्यायच्या आत त्या जाऊनसुद्धा आल्या होत्या. फाटकाशी उभ्या राहून त्यांनी मला मोबाईल दाखवला. “पाह्य, घरी पोचायच्या आंधी रिपोर्ट आला. डॉक्टरच्या सहीसकट.” भर दुपारची वेळ होती. नवीन टेक्निशियन कोण आहे, मला माहीत नाही. त्याला कोपऱ्यातलं नाव वाचायला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही.

या धंद्यात मला एवढं कळलं. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर ‘पासवर्ड सेव्ह करू का’ असं विचारलं तर ‘नाही’ दाबावं. हे मी सगळ्यांना सांगते आणि लोक ऐकतातसुद्धा. पण बिघाडामुळे मालकाचं काम लवकर उरकत असेल आणि डॉक्टरचं काम वाचत असेल, तर त्याला कुणी बिघाड म्हणत नाही. मग दुरुस्तीला बोलावतात ते मशीनसाठी नसतं. खुर्चीवर बसलेल्या माणसावर दोष टाकण्यासाठी असतं.